चॅपलची चर्चा पुरे, खाटांचं बोला

ख्रिस्ती निवासी शाळांवर आपल्याकडे वाद पेटला की तो चॅपलच्या, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनागृहाच्या, दारातच अडतो. मुलांना प्रार्थनेला बसवतात का, मुलींना टिकली काढायला लावतात का, गणपतीची सुट्टी देतात का. फाटकासमोर घोषणा होतात, कॅमेरे येतात, मुख्याध्यापक खुलासा करतात. मग प्रवेशाचे दिवस येतात आणि त्याच शाळेत मुलाला घालण्यासाठी गावातली बडी मंडळी आमदाराची चिठ्ठी शोधत फिरतात. त्या शाळेच्या वसतिगृहात रात्री झोपतं कोण, हे मात्र घोषणा देणारेही विचारत नाहीत आणि खुलासा करणारेही सांगत नाहीत.

आधी चॅपलचं बघू, कारण तो प्रश्न खोटा नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. डे-स्कॉलर, म्हणजे रोज घरून येणाऱ्या, मुलाच्या बाबतीत हे सोपं आहे. निवासी मुलाचं तसं नाही. रविवारी सकाळी सगळं हाउस, म्हणजे मुलांचा अख्खा गट, रांगेत चॅपलकडे निघालं तर न जाणाऱ्या मुलाने जायचं कुठे? रिकाम्या डॉर्ममध्ये त्याला एकटं बसवायला मेट्रन तयार नसते, आणि दहा-अकरा वर्षांच्या पोराला सगळ्यांपेक्षा वेगळं पडायचं नसतं. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बापाने केलेली सही म्हणजे संमती, असं कायद्याने मानायला हरकत नाही. पण ते पान बाप वाचतोच असं नाही. तेव्हा शाळांनी ती संमती वेगळ्या कागदावर, समजेल अशा भाषेत घ्यावी आणि त्या तासाला वाचनालय उघडं ठेवावं. एका परिपत्रकाचं काम आहे.

या चॅपलने मुलं बाटतात, या भीतीला मात्र पुरावा सापडत नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये १९५० च्या दशकात झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा राहिला, पियानो शिकला, मित्रांना घेऊन त्याने बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. १९९१ साली लंडनमध्ये त्याचे अंत्यविधी झाले ते पारशी धर्मगुरूंच्या हातून. शिवाय राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीतच. आयोगाचा रोख कुणाकडे होता हे उघड आहे. पण हा आकडा खरा धरला तर धर्मांतराच्या आरोपाचीच हवा निघते, हे आयोगाच्या लक्षात आलं नसावं.

हा वाद नवा नाही, आणि पहिल्यांदा झाला तेव्हाही त्यात खाटांचा प्रश्न मागे पडला होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. उच्चवर्णीय विधवांना राहण्याची सोय आणि शिक्षण एका छताखाली देणारी ती शाळा. पुढे अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पैसा अमेरिकेतून येत होता, आणि शाळेत धर्मप्रसार होणार नाही असं त्यांनी कबूल केलेलं होतं. त्यांनी केलं इतकंच की पहाटेच्या प्रार्थनेला बसताना आपल्या खोलीचं दार लावलं नाही. ज्या मुलींना यावंसं वाटलं त्या आत येऊन बसू लागल्या. त्या उघड्या दारावरून पुणं पेटलं. केसरीने आघाडी उघडली, १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालक आपापल्या मुलींना घेऊन गेले.

रमाबाईंनी दार लावायला हवं होतं का? लहान वयाच्या, आश्रित मुलींच्या घरात मुख्य बाईंचं उघडं दार हे बोलावणंच असतं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. मला त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या आणि दौंडजवळ केडगावला त्यांनी जे उभारलं ते मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे शेकड्यांनी मुली आणि बायका राहत होत्या. त्यांना जातीचा दाखला विचारला जात नव्हता. ज्या पुण्याने मूठभर मुलींच्या प्रार्थनेवर महिनोन्‌महिने शाई खर्च केली, त्याच्याकडे या मुलींसाठी खाटा नव्हत्या. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, ते मोठंच काम होतं. पण त्याचाही सुरुवातीचा परीघ ब्राह्मण घरांपुरताच होता. पोरीने प्रार्थना कुठली करावी यावर मत सगळ्यांना होतं. तिने झोपावं कुठे, यावर उत्तर फार थोड्यांकडे होतं.

महाराष्ट्रातली ख्रिस्ती शाळा गरिबांसाठी जन्माला आली, हे या शाळांच्या आजच्या पालकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. देवळालीच्या बार्न्स शाळेचं मूळ १८१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्या संस्थेत आहे, तिच्या मूळ नावातच ‘मुंबई इलाख्यातल्या गरिबांच्या शिक्षणासाठी’ असे शब्द होते. ते गरीब युरोपियन होते हा भाग वेगळा. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरर बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं असं सांगतात. जोतीरावही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतलेच. पुढे नगर जिल्ह्यात मिशनच्या बोर्डिंगांमधून गावकुसाबाहेरची पोरं शिकली, मास्तर झाली, नर्सा झाल्या, पाळक झाले.

पाचगणीची गोष्ट निराळी. तिथल्या शाळा निघाल्या त्या मैदानी उन्हाळा न सोसणाऱ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ चं, सेंट पीटर्स १९०४ चं. स्वातंत्र्यानंतर ती मुलं गेली आणि त्या खाटांवर मुंबई-गुजरातच्या व्यापाऱ्यांची, पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांची, नंतर साखरपट्ट्यातल्या पुढाऱ्यांची मुलं आली. शाळा विनाअनुदानित, तेव्हा फी हाच श्वास. यात कुणी कट केला नाही. इंग्रजीची मागणी वाढत गेली, परदेशी पैसा आटत गेला आणि व्यवस्थापन ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे वळलं. पण परिणाम असा की आज यातल्या बहुतेक शाळांची वर्षाची फी लाखांत आहे, आणि त्या ज्या समाजाच्या नावाने अल्पसंख्याक आहेत त्या समाजाच्या सामान्य घराला ती परवडत नाही.

सगळी मेख इथे आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं, आणि ही तरतूद मुळात डे-स्कॉलर मुलांसाठी आहे, निवासी शाळांना ती ताणता येणार नाही, असंही म्हटलं. २०१४ च्या प्रमती खटल्यात घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, कायद्याच्याच बाहेर ठेवलं. म्हणजे ख्रिस्ती निवासी शाळेला दुहेरी कवच. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या, म्हणजे महाराष्ट्रातूनच गेलेल्या, प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमतीच्या निकालावर शंका घेतली आणि तो मोठ्या पीठाने पुन्हा तपासावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवलं. मूळ खटला होता शिक्षकांच्या टीईटीचा, म्हणजे पात्रता परीक्षेचा. पण धागा ओढला गेला तो या सवलतीचा.

अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवू द्याव्यात, हे कलम ३० मला मान्य आहे आणि ते टिकावं असंही वाटतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान समाजाला संस्थांच्या भिंतीचा आधार लागतो. माझी तक्रार भिंतीबद्दल नाही, तिच्या आत कुणाला घेतलं जातं याबद्दल आहे.

नगर किंवा जालन्याच्या एखाद्या खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. पणजोबा मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतलेले, मूळ जात गावाला आजही तोंडपाठ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तिला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात जागा झाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे अनुसूचित जातीच्या मुलींसाठी राखलेल्या वसतिगृहाच्या जागेवर तिचा हक्क नाही. आणि जी शाळा तिच्या समाजाच्या नावावर २५ टक्क्यांतून सुटली, तिची फी तिच्या बापाच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईएवढी. सरकार म्हणतं तू ख्रिस्ती आहेस, शाळा म्हणते तू गरीब आहेस. दोन्ही खरंच, आणि दोन्हीकडून ती वजा.

चर्चला हे अनोळखी नाही. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन परंपरा आणि अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेली खेड्यापाड्यातली मंडळी एकाच छत्राखाली आली. रविवारी दोघांचं प्रभुभोजन एक. सोमवारी एकाची मुलं चॅपल असलेल्या इंग्रजी शाळेत, दुसऱ्याची जिल्हा परिषदेच्या. ख्रिस्ती समाजातल्या लोकांशी हे बोललं की ते खासगीत मान डोलवतात आणि जाहीर बोलायला कचरतात, कारण आधीच बाहेरून हल्ले होत असताना घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? भीती समजते. पण ती जितकी वर्षं पुरवावी तितकी वर्षं ती मुलगी बाहेर.

तर मग करायचं काय? २५ टक्क्यांचा कायदा या शाळांवर लादा, असं मी म्हणत नाही. तो शेजारच्या मुलांसाठी, पहिलीसाठी आणि आठवीपर्यंतच आहे; पाचवीला ट्रंक घेऊन येणाऱ्या मुलासाठी तो शिवलेलाच नाही. आपल्याकडे दुसरा एक कायदा आहे आणि तो खाटांशीच संबंधित आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खाली आणि २००६ सालच्या उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. हा नियम अमुक धर्माच्या रुग्णालयाला आणि तमुक धर्माच्या नाही, असा नाही. धर्मादाय म्हणून करात आणि इतर बाबतींत सवलत घेता, तर थोडी धर्मादाय खाट दाखवा, एवढाच त्याचा अर्थ.

बहुतेक निवासी शाळाही असल्याच विश्वस्त संस्था चालवतात. मग रुग्णालयाच्या खाटेला जो न्याय, तो वसतिगृहाच्या खाटेला का नको? आणि हा नियम फक्त ख्रिस्ती शाळांना लावला तर तो अन्यायच होईल. विश्वस्त संस्थेचं वसतिगृह असलेल्या प्रत्येक खासगी शाळेला लावा, मग ती कुठल्याही देवाच्या नावाने चालत असो. अल्पसंख्याक शाळेने ती मुलं आपल्याच समाजातून निवडली तरी चालेल. कलम ३० ला धक्का लागायचं कारण नाही, कारण मूल निवडण्याचा अधिकार शाळेकडेच राहतो. शाळेला फक्त त्याच्या बापाचा खिसा न बघता निवडायचं आहे.

पैशाचं गणित करून बघू. पाचशे निवासी मुलांच्या शाळेने फीतला दोन टक्के वाटा बाजूला काढला तर दहा मुलांची पूर्ण फी निघते. फार नाही. पण वर्ग, मैदान, शिक्षक आधीच असतात. वाढीव मुलावर होणारा खर्च मुख्यतः जेवणाचा, कपड्यांचा, पुस्तकांचा. तेव्हा दहाच्या जागी वीस-पंचवीस मुलं सहज बसतात, आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांनी स्नेहमेळाव्याच्या मंडपातला थोडा पैसा इकडे वळवला तर आणखी. रुग्णालयांची योजना नीट चालते असं समजू नका. खाट रिकामी असून ‘नाही’ सांगणं, कागदांसाठी नातेवाइकांना फिरवणं, या तक्रारी नेहमीच्या आहेत. म्हणून शाळेच्या बाबतीत निवड पहिल्यापासून उघड हवी.

‘आमच्याकडे शिष्यवृत्ती आहेत’ हे उत्तर मला ठाऊक आहे. आहेतही; पण बहुतेक आत आलेल्या हुशार मुलांना. दाराबाहेर असलेल्याला ती योजना कळतच नाही.

याहून गंभीर आक्षेप असा की गरीब मूल अशा शाळेत आणून तुम्ही त्याला छळाल. निवासी शाळेतला दिवस ज्यांनी जवळून बघितला आहे ते हे चेष्टेत म्हणत नाहीत. प्रवेश मिळाला की कपड्यांची यादी येते: पांढरे शर्ट, राखाडी पँटी, ब्लेझर, हाउसच्या रंगाचा टी-शर्ट, दोन जोडी बूट, मोज्यांचे डझनभर जोड, घोंगडी. प्रत्येक कपड्यावर मुलाचा नंबर शिवायचा. मग ट्रंक. ट्रंकेत टक, म्हणजे घरचा खाऊ, आणि कोणाच्या डब्यात काय आलं यावरून पहिल्या आठवड्यात डॉर्ममधली वर्गवारी ठरते. पालकभेटीच्या रविवारी गाड्या येतात, मुलं हॉटेलात जेवायला जातात. ज्याचं कुणी आलं नाही ते पोर मेसमध्ये बसून रविवारचं जेवण एकटं जेवतं.

पण यातलं बहुतेक शाळेच्या हातात आहे. यादीतले कपडे शाळेच्या स्टोअरमधूनच सगळ्यांना द्यावेत. टकवर मर्यादा घालावी किंवा तो एका कपाटात जमा करून सगळ्यांत वाटावा; काही शाळा हे करतातच. खिसाखर्च कार्यालयातून सगळ्यांना सारखाच मिळावा. आणि त्या शिवलेल्या नंबराचं मला कौतुकच वाटतं. धोब्याच्या गाठोड्यात कपडा जातो तो नंबराने, आडनावाने नाही. आडनावावरून सगळं ओळखणाऱ्या आपल्या राज्यात ही लहान गोष्ट नाही.

वेगवेगळ्या घरची मुलं एका पंगतीला बसून वाढू शकतात, याचा पुरावा पाचगणीहून फार दूर शोधायला नको. त्याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. सोय म्हणाल तर काहीच नाही. पण कोण कुणाच्या शेजारी झोपतो हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवला. एका घाटाच्या वर आणि खाली महाराष्ट्रात निवासी शिक्षणाच्या दोन परंपरा वाढल्या आणि त्या एकमेकींना भेटल्या नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आणि घरापासून दूर ठेवलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न? सुखवस्तू घरातल्या मुलाच्या बाबतीत मी तो जरूर विचारेन. त्याच्या आईबापांना घर आहे, वेळ नाही. पण बीड, पाथर्डी, शेवगावकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उसाच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मूल एकतर कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जातं आणि शाळा सुटते, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ राहतं. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आहेत, कशी आहेत ते तिथल्या शिक्षकांना विचारा. निवासी शाळेची गरज खरी कुणाला असेल तर या मुलाला आहे. पाचगणीत मात्र त्याची खाट अशा मुलाला मिळते ज्याची खोली मुंबईत रिकामी पडून असते.

मोठं पीठ कधी बसेल, काय ठरवेल, ते ठरवू दे. तोवर धर्मप्रांतांना आणि शाळांच्या विश्वस्तांना कुणी अडवलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाआधी त्यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत घोड्यावर बसलेल्या मुलांच्या फोटोशेजारी तीन ओळी छापाव्यात: वसतिगृहात खाटा किती, त्यातल्या किती मोफत किंवा सवलतीत दिल्या, आणि त्यासाठी अर्ज कुठे, कोणत्या तारखेपर्यंत करायचा. ही माहिती मराठीतही असावी आणि ती नगर-जालन्याच्या चर्चमंडळ्यांमध्ये पाळकांनी रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखवावी. धर्मादाय आयुक्तांनी हाच तक्ता राज्यातल्या प्रत्येक विश्वस्त निवासी शाळेकडून मागवावा, ख्रिस्ती शाळांकडून आधी आणि इतरांकडून नंतर असं न करता, एकाच पत्राने.